अक्काचं वेगळं पान

हुबळी,
१२ ऑगस्ट २००८

ती. विमलाक्का,

साष्टांग नमस्कार. फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतलाय. अक्षर बघून हसू नकोस.

इकडे सगळे ठीक. श्रावण म्हणून दुकानात गर्दी. कोप्पीकर रोडची गटार अजून उघडीच. थोरला अण्णा मुन्सिपाल्टीला कन्नडमध्ये शिव्या घालतो आणि लगेच मराठीत चहा मागतो. सांगलीच्या वसतिगृहात जेवण बरं असतं ना? का तूच, मेट्रनबाई, सगळ्यांना रांधून घालतेस?

बरं, आता मुद्द्याचं. दुकानाच्या वेबसाइटवर मी तुझं कसुतीचं भरतकाम टाकलं होतं. एकच लांबलचक पान. वर खण, इरकल अशी यादी, आणि "विमलाक्काची कसुती" यावर क्लिक केलं की पान सरसर खाली तुझ्या साड्यांपाशी. किती खूश झालीस तू! म्हणालीस, "सहा महिने बघते. चार ऑर्डरी आल्या तर इथंच राहून भरतकाम करीन, नाहीतर सांगलीची नोकरी घेईन." एकही आली नाही.

अक्का, तुझ्या कामात काही कमी नव्हतं गं. तसल्या लिंकनं वाचणाऱ्याची सोय होते, एवढंच. गूगल ते वेगळं पान धरत नाही. माडीवर तू भरत बसायचीस, पण रस्त्यावरून पाटी दिसायची कापड दुकानाची, तसंच हे. कुणी कसुती शोधली तर "खण व इरकलचे ठोक व्यापारी" अशा मथळ्याचं आपलं पान त्याला कुठून सापडणार?

हे मला आत्ता कळलं, असं लिहिणार होतो. दोन कागद फाडले. खरं सांगतो, मला तेव्हाच ठाऊक होतं. अक्काचं वेगळं पान करू म्हटलं, तर अण्णा म्हणाला, "एका घराला दोन पाट्या? बेडा, नकोच." मी विषय सोडून दिला. तुला मात्र म्हणालो, "लिंक काय, वेगळं पान काय, एकच आहे गं ते." तू रोज संध्याकाळी विचारायचीस, "काही आलं का रे?" आणि मी म्हणायचो, "येईल की." शरम वाटते मला.

परवा तुझं पान केलं. वेगळं, तुझ्या नावाचं. अण्णाला दाखवलं तर खवळला, जेवलाच नाही. आज सकाळी म्हणाला, "हत्तीच्या नक्षीचा फोटो हललाय, दुसरा घाल." एवढंच बोलला.

सुरू केलं तरी पान शोधात दिसायला काही आठवडे जातील. वरच दिसेल अशी हमी देत नाही. आता आणखी थापा नकोत. नोकरी सोड असंही म्हणत नाही.

पान अजून बंदच ठेवलंय. सुरू करायचं की नाही, ते तू ठरव. सोबतच्या चिठ्ठीत पासवर्ड आहे. नेट कॅफेत जाऊन तो आधी बदल. नवा अण्णाला सांगू नकोस, आणि मलाही नको.

तुझ्याशी खोटं बोललेला,
धाकटा विनायक