पाणजांभळाला टेकून

४ मार्च
ओढ्याच्या खोलीकरणात पाणजांभळं जाणार, हे नक्की. कामावरच्या अभियंत्याने फोनवर दुजोरा दिला. तोडायला परवानगी लागत नाही म्हणे, कारण ती झाडं नव्हेत, झुडपं आहेत. तज्ज्ञाचा तसा अभिप्राय आहे. तज्ज्ञ कोण, त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाणजांभूळ बघून ओळखणारा आणि ही जागा माहीत असलेला माणूस सोलापुरात एकच. त्याला ती मीच दाखवली.

५ मार्च
श्रीकांतला सकाळी फोन, दुपारी फोन. उचलला नाही. कॉलेजपासूनचा मित्र. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त. माझ्या प्रत्येक लेखातली झाडांची नावं तपासून देणारा.

अक्कलकोट रोडची एसटी धरून ओढ्यावर गेले. कळ्या आल्यात. पाण्यातल्या खडकांवर कमरेएवढी झुडपं. ओढ्याकाठी शेत असलेल्या इरव्वाच्या विहिरीमागे मातीत वाढलेलं ते एकच वेगळं: एका खोडाचं, तिच्या छपराहून उंच. इरव्वा कडबा रचत होती. श्रीकांत सर येऊन गेले म्हणाली, साहेबांबरोबर, लई हसत होते.

"च्या केला की. ह्या झाडाला टेकून प्याले."

त्यांनी याला झुडूप ठरवलंय, मी सांगितलं. पेंढी तशीच हातात धरून ती बघत राहिली.

"झुडपाला कुनी टेकतंय व्हय बाई? पडंल की मानूस."

तिथे हसले. एसटीत बसल्यावर मात्र...

८ मार्च
श्री. सापडला. नवी पेठेत, नातीला फ्रॉक घेत होता. बिचकला नाही. रस पाजायला घेऊन गेला. शहरात देशी झाडांची बाग होणार आहे, आराखडा त्याचा. नोकरीत असल्यापासून तो हेच मागत होता, प्रत्येक साहेबाने चहा पाजून परत पाठवलं. आता होणार. ओढ्यावरची रोपं तिथे नेऊन लावू म्हणाला. अभिप्राय मागणारे आणि बाग देणारे साहेब एकच का, विचारलं. त्याने रसात आणखी बर्फ मागितला.

मग म्हणाला, "खोटं काय लिहिलंय मी? ओढ्यावरच्या तुझ्या लेखात झाड होतं, मीच झुडूप करायला लावलं. विसरलीस?"

कशी विसरेन. पान छपाईला सुटताना फोन करून बदलायला लावलं होतं. तेव्हा वाटलं होतं, मित्र असावा तर असा.

"आणि विहिरीमागचं?"

रस संपवला, ग्लास ठेवला. "त्या एकासाठी सगळं अडवणार तू?"

म्हणजे पाहिलं होतं. टेकला तेव्हा माहीत होतं.

११ मार्च
बातमी दिली. डेस्कवरून विचारणा: झाड की झुडूप, एक काय ते ठरवा. दोन्ही ठेवलं. खडकांवरची झुडपं, विहिरीमागचं झाड. श्री.ची बाजू पूर्ण घेतली, त्याच्याच शब्दांत. बाग चांगली होईल, हेही लिहिलं, कारण होईलच. अभिप्राय त्याचा, हे नावानिशी. ते नाव टाइप करताना थांबले थोडी. मग सोडली. झाडांवरचं काही त्याला न दाखवता पहिल्यांदाच गेलं.

१३ मार्च
फेरपाहणी ठरली, सोमवारी सकाळी. अभियंता म्हणतो, तज्ज्ञ तेच.

श्री.चा मेसेज: "सोमवारी माझ्या गाडीतूनच चल. इरव्वाला चहा टाकायला सांग." बातमीबद्दल अक्षर नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. उत्तर दिलेलं नाही. एसटीने जाईन.

संध्याकाळी इरव्वाचा फोन. पोकलेन येऊन विहिरीच्या अंगाला उभं राहिलंय. झाड पांढरं झालंय फुलांनी, माश्यांचा नुसता गोंगाट. सर येनार का, विचारत होती. येतील म्हटलं.

चहा ती करेलच. या खेपेला सर कप घेऊन कुठे टेकतात, ते सोमवारी दिसेल. अभियंत्याने पोकलेनवाल्याला त्या दिवशी सकाळीच तयार राहायला सांगितलंय.