झाकणावरचा ब

९ तारीख, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आईच्या गुडघ्याचं कसं आहे? तिला म्हणावं, जिना दिवसातून एकदाच. माझ्या खोलीचा नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर तीनदा "उद्या नक्की" म्हणून गेला. चौथ्यांदा मीच पाना विकत आणला, तेव्हा कुठे त्याला लाज वाटली. बाकी मजेत.

वहिनी घरी लॅबबद्दल काही बोलतात का? सहज विचारते.

सहज नाही. तुझ्यापासून काय लपवायचं? आमचं काम तुला ठाऊक आहे. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या, त्यांच्यातलं एक जनुक गप्प करायचं, आणि मग बाकीच्या हजारो जनुकांपैकी कोणाचा आवाज चढला, कोणाचा उतरला ते मोजायचं. शेजारच्या फ्लास्कमधल्या पेशींना नुसतं सोंग द्यायचं, ज्याने काहीच गप्प होत नाही. तुलना त्यांच्याशी.

पहिली फेरी मी केली. जनुक गप्प झालं तशी वाढ रेटणारी जनुकं मंदावली, आणि पेशींना वयात आणणारी, इतके दिवस दडपलेली, जागी झाली. आमच्या प्रमुख बाई दोन दिवस हसतमुख होत्या, यावरून काय ते समज. दुसऱ्या फेरीच्या पेशी वहिनींनी वाढवल्या. निकाल आला तो आरशात पाहावा तसा. चढायचं ते उतरलेलं, उतरायचं ते चढलेलं. जे जनुक गप्प केलं म्हणतात तेच सगळ्यांत मोठ्याने बोलतंय. ट्यूबांची अदलाबदल झाली, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण दादा, तिन्ही जोड्यांची? एक ट्यूब गप्प केलेली, एक सोंगाची, अशा तीन. एक जोडी बदलली तर ती चूक. तिन्ही बदलल्या तर तो हात चुकलेला नसतो, ठरवून चाललेला असतो.

मी आळ घेत नाही. जे दिसतं ते सांगते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले तरी वहिनी फ्रीजरपाशीच. मी आत गेले तसं त्यांनी दार लोटलं. काय शोधताय विचारलं, तर म्हणाल्या, "माझं डोकं. सकाळी इथेच ठेवलं होतं." बाहेर हशा पिकला, मीही हसले. उत्तर मिळालं नाही हे फक्त माझ्या लक्षात राहिलं. पहिल्या फेरीच्या लेखात त्यांचं नाव नाही, तेही कुठेतरी सलत असणार.

तेव्हापासून त्या लॅबमध्ये गप्प आहेत, आणि बाकीच्यांना कंठ फुटलाय. काचसामान धुणारे काका वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात. त्यांतलं एक त्यांनी यावर खर्च केलं. "आग असल्याशिवाय धूर निघत नाही," म्हणाले. कोणाकडे बघून म्हणाले ते मात्र कळलं नाही.

वहिनींचं कंत्राट महिनाअखेरीस संपतंय. ते वाढवावं का, यावर बाईंनी माझं मत विचारलं. मी दिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तू एवढंच कर. वहिनी निळ्या पुठ्ठ्याची वही घरी आणतात का बघ. उघडू नकोस. उघडलीसच, तर खाडाखोड दिसते का बघ. आणि हे पत्र इकडेतिकडे टाकू नकोस.

तुझी,
धाकटी


२१ तारीख, शुक्रवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादाचं उत्तर आलं, एका ओळीचं: "जे विचारायचं ते तिलाच विचार, मी तुझा हेर नाही." माझं पत्र तुम्ही वाचलंत की नाही ते त्याने लिहिलं नाही. वाचलंय असं धरून चालते.

विचारायचं काही उरलेलं नाही. सांगायचं आहे, आणि जीभ रेटत नाही, म्हणून आधी पेशींचं सांगते. बाईंनी तुम्हाला घरी थांबायला सांगितल्यापासून फ्लास्क माझ्याकडे आहेत. तिसऱ्याच दिवशी दोन गढूळ झाले, टाकून द्यावे लागले. तुमच्या हाताखाली त्या पेशी कधी रुसल्या नाहीत. तुमच्या त्या हाताचा मला पहिल्या आठवड्यापासून राग आहे, हेही इथेच लिहून टाकते.

बुधवारी सगळे बैठकीत असताना मी तुमचं कपाट उघडलं. वही तिथेच होती. मी खाडाखोड शोधत होते. एकही सापडली नाही. पहिल्याच पानावर, चौकट आखून, तुम्ही लिहिलंय: "झाकणावर एकच अक्षर मावतं. ब म्हणजे बनावट, नुसतं सोंग दिलेलं. नुसता आकडा म्हणजे जनुक गप्प केलेलं."

ते मी तीनदा वाचलं. माझ्या फेरीत झाकणावर मी ब लिहायचे तो बंद म्हणून. जनुक बंद. तुमच्या ट्यूबा तपासणीला पाठवताना यादी मी केली, आणि जिथे ब दिसला तिथे डोळे झाकून "बंद" लिहीत गेले. तिन्ही जोड्या उलटल्या त्या अशा. अक्षरच चुकीचं वाचल्यावर एखादी जोडी सरळ राहिली असती तरच नवल. फ्रीजरपाशी काय करत होतात तेही वहीत आहे. झाकणं यादीशी ताडून बघायची होती, आणि यादी माझ्या खणात, कुलपात. तुम्ही ती मागितली होती. मी "नंतर" म्हटलं होतं. मला आठवतं.

हे बुधवारचं. मधले दोन दिवस मी वही होती तशी ठेवली आणि कामाला लागले. कंत्राट संपवण्याचा कागद सोमवारी सहीला जाणार होता. तो आपसूक गेला असता, आणि त्यानंतर त्या ट्यूबांचं नाव कुणी काढलं नसतं. दादाला मी "मत दिलं" असं लिहिलं. ते मत नव्हतं. दोन पानी तक्रार होती, आणि तिच्यात "हेतुपुरस्सर" हा शब्द आहे. आधी "निष्काळजीपणे" लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड होती ती माझ्याच कागदावर.

आज सकाळी वही आणि यादी बाईंपुढे ठेवली. यादी सुलटी केली की तुमची फेरी माझ्या फेरीशी जुळते; तुमचे आकडे तर माझ्यापेक्षा नेटके आहेत. बाई रागावल्या नाहीत. कधी कळलं एवढंच त्यांनी विचारलं. बुधवारी, असं मी सांगितलं.

"म्हणजे काल तू मला हिची जागा कधी भरायची विचारत होतीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुला माहीत होतं."

मी हो म्हटलं.

तक्रार मागे घेण्याचा अर्ज मी दिला आहे. सोमवारी दहाच्या आत ऑफिसने तो मानला तर कागद थांबेल. पण माझ्या शब्दावर त्यांनी आता का विश्वास ठेवावा? घरचं माणूस म्हणून वाचवते आहे, असंही कुणी म्हणेल. म्हणून हे पत्र. ते खासगी समजू नका. सोमवारी बरोबर आणा आणि टेबलावर ठेवा, सगळं, कपाटाचं आणि रागाचंसुद्धा. माफी मागत नाही. मागितली तर पत्र घरगुती होईल, ऑफिसच्या कामाचं राहणार नाही.

त्याच कारणासाठी सही नेहमीसारखी करत नाही.

तुमच्या सहाही ट्यूबांची यादी उलटी लिहिणारी,
आणि कळल्यावरही दोन दिवस गप्प बसलेली,
तुमची नणंद