चौदा दिवसांनंतरचं कार्ड

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त इंग्रजी शिक्षक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. (दडपण आणायला घरात माझ्याशिवाय कोणी नाही.) डोकं ताळ्यावर असल्याची खात्री म्हणून आज सकाळी सातवीच्या पुस्तकातल्या अकरा कविता चालीवर म्हणून पाहिल्या. बारावीला अडखळलो, पण ती शाळेतही पाठ नव्हती.

१. राहत्या दोन खोल्या भांड्याकुंड्यांसह माझ्या भाचीला द्याव्यात. ती फोनवर "मामा, जेवलास का?" विचारते आणि उत्तरासाठी थांबते.

२. माझी काळी छत्री वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे आहे. सहा वर्षे मागतो आहे. छत्रीवरचा हक्क सोडतो; राग सोडत नाही.

३. लाकडी खणांची पेटी, आतल्या चार हजारांवर कार्डांसह. आपल्या बोलण्यात रुळलेले इंग्रजी शब्द मी आणि माझा मित्र, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी, यांनी तीस वर्षे त्यात भरले. नियम एकच: शब्द जिवंत तोंडून ऐकलेला हवा; कार्डावर बोलणारा आणि तारीख हवी. 'लाईट' आपल्याकडे येऊन बाई झाली. ती जाते, येते (वायरमन). साहेबाचा 'सिरियस' माणूस हसत नाही. आपला सिरियस माणूस खाटेवर असतो (नर्स).

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी जुळारी कार्डं लावता लावता थांबला.

"मास्तर, हे 'मिस्टर'चं कार्ड. 'आमचे मिस्टर घरीच आहेत.' बोलणारी, वहिनी."

"मग?"

"या तारखेला वहिनींना जाऊन चौदा दिवस झाले होते हो."

"तुझे डोळे गेलेत. चष्मा बदल, नाहीतर उंबरा बदल!"

त्याने चपला घातल्या. पुन्हा आला नाही.

येथे लिहून देतो की त्याचे डोळे ठीक होते. कार्ड खोटं आहे. माझी बायको हे वाक्य रोज म्हणायची, म्हणून कधी टिपलं नाही. चौदाव्या दिवशी दारावर कोणी "मास्तर आहेत का?" विचारलं आणि आतून उत्तर गेलं नाही. ते न गेलेलं उत्तर मी कार्डावर लिहिलं. इंग्रजीत मिस्टर कुणाही पुरुषाच्या नावापुढे उभा राहतो. आपल्याकडे तो एका बाईचा होतो. मी आता कुणाचा नाही.

पेटी जुळाऱ्याला द्यावी. ते कार्ड ठेवायचं की फाडायचं, तो ठरवील.

४. हयातीत पेटी स्वतः नेऊन देण्याची हिंमत झाल्यास कलम तीन रद्द समजावे.

पुरवणी, नऊ दिवसांनी: कलम तीन रद्द. पेटी हातगाडीवरून नेली. जुळाऱ्याने दार उघडलं, "या" म्हणाला नाही, पण बाजूला सरला. मी ते कार्ड काढून दिलं आणि कलमातलं सगळं तोंडी सांगितलं.

"मास्तर, नियम म्हणजे नियम. जिवंत तोंड हवं."

"फाड मग."

त्याने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. छापखान्यात मुद्रितांतल्या चुका खोडायचा, तशी तारीख खोडून आजची घातली. 'वहिनी' राहू दिलं. खाली बारीक अक्षरात जोडलं: 'ऐकवणारे, त्यांचे मिस्टर.'

ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये, असा संकेत आहे. मृत्युपत्रातून त्याला आता काही मिळत नाही. म्हणून सही आज, दोघांसमोर.

ठिकाण: जुळाऱ्याची खोली. दिनांक: १८ सप्टेंबर.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी (सही)
२. जुळारी (सही)