बाई वळून बघते तो शॉट

सोमवार, ३ फेब्रुवारी

अर्धा सेकंद कमी पडत होता म्हणून आज चोरी केली. मालिकेतली मुलगी बॅग घेऊन निघते, तिची आई पाठमोरी उभी राहते – लेखकाने लिहिलंय तसंच शूट झालेलं. पण पाठमोऱ्या शॉटमध्ये वर माइक डोकावला, तेवढं काढून टाकावं लागलं आणि तिथे भोक पडलं. मग सगळं शूटिंग उपसलं. एक तुकडा मिळाला, ‘अॅक्शन’ म्हणायच्या आधीचा. कॅमेरा चालू आहे, पण नटीबाई अजून आई झालेल्या नाहीत. आपला ड्रायव्हर आला का म्हणून दाराकडे वळून बघतायत. बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. दिला चिकटवून. दिग्दर्शकाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

असले उद्योग आम्ही संकलक रोज करतो. ‘कापते’ म्हणतात मला सगळे, पण खरं काम ठिगळं लावायचंच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भाग काल दाखवला. फोनवर मालिकेच्या चाहत्यांचा एक गट आहे, त्यात मी खोट्या नावाने बसलेली असते. ही माणसं मालिका बघत नाहीत, चिरफाड करतात. कुणी कुणाला चहा आधी दिला, कुणी कुणाच्या आवडीच्या रंगाचा शर्ट घातला – त्यावरून यांचं प्रेम ठरतं, वैर ठरतं, पुढचे चाळीस भाग ठरतात. त्या दिवशी तेवढा एकच शर्ट इस्त्रीचा होता, हे मला माहीत. मालिकेतल्या आईला तर सगळे ‘बर्फबाई’ म्हणतात. तिला शिव्या घालणं हा गटाचा मुख्य उद्योग.

आज ‘अर्धा कप’ या नावाने कुणीतरी लिहिलंय – ‘मान्य, ती दगड आहे. पण मुलगी निघाली तेव्हा तिने वळून पाहिलं. क्षणभरच. जिला लेक नकोच असते ती वळत नाही.’

ड्रायव्हर! बाई ड्रायव्हरला बघत होत्या गं!

एरवी हे ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं असतं. आज नाही जमलं. मी वळले नव्हते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लिहून टाकते एकदाचं. चौदा महिने झाले. लेक इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडून पाळणाघरात कामाला लागली. मी म्हणाले, ‘दुसऱ्यांच्या पोरांची ढुंगणं धुवायला वाढवलं का तुला?’ ती म्हणाली, ‘मान्य, तुला लाज वाटते. पण मला तिथे बरं वाटतं.’ मी म्हणाले, ‘मग तिथेच राहा. मला तोंड दाखवू नकोस.’

तिने बॅग भरली. मी टेबलाशी बसलेली, तोंड स्क्रीनकडे, भाग द्यायचा होता. पाठीमागे ती दारात उभी होती, मला कळत होतं. थांबली होती. मी माऊस हलवत राहिले. मग दार लागलं. त्या दिवशी काय कापत होते ते आज विचारलं तर सांगता येणार नाही.

आणि पूर्ण कप चहा ती कधीच प्यायली नाही. अर्धा पोटात, अर्धा मोरीत. किती ओरडायचे मी त्यावरून. ‘मान्य, पण’ हे तर तिचंच पालुपद.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तीच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

‘अर्धा कप’चं मागचं सगळं वाचून काढलं. पहिलं लिखाण लेक गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातलं. दुसरा पुरावा कशाला हवा? माझं नाव मालिकेच्या शेवटी रोज येतं, तिला माहीत आहे ही माझी मालिका. म्हणून तर बघते! इतर पात्रांबद्दल चकार शब्द नाही, फक्त आई आणि मुलगी, आई आणि मुलगी.

आज मुद्दाम केलं. बर्फबाई मुलीच्या बंद खोलीवरून चालत जाते तो शॉट. लेखकाच्या हिशोबी ती तरातरा निघून जाते. नटीबाई तालमीत तिथे क्षणभर थबकल्या होत्या, पुढचं वाक्य आठवेना म्हणून. तो थबकलेला तुकडा घातला. वीस फ्रेम.

बुधवार, १९ फेब्रुवारी

‘अर्धा कप’ – ‘ती आज मुलीच्या खोलीपाशी थांबली. बोलायचं असतं तिला. येत नसतं.’

दोनदा चहा सांडला. दिग्दर्शक म्हणाला, ‘मॅडम, बीपी तपासून घ्या.’

गुरुवार, ६ मार्च

ताई आली होती. माझी थोरली बहीण, लेक तिच्याशी बोलते, मला ठाऊक आहे, मी कधी विचारत नाही. आज पुन्हा तेच. ‘मी लावून देते, एकदा बोल. तोंडात काय मूग भरलेत?’

म्हटलं, ‘ताई, आमचं बोलणं चालू आहे.’

‘कधीपासून?’

‘महिना झाला. रोज.’

ताईचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, सगळं सांगून टाकावं. नाही सांगितलं. फ्रेम म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

मंगळवार, ११ मार्च

बारा फ्रेम.

शुक्रवार, १४ मार्च

अठरा. तिला दिसलं. तिला सगळं दिसतं.

मंगळवार, २५ मार्च

पकडले गेले. चॅनेलकडून निरोप आला – लोकांना बर्फबाईची दया यायला लागली आहे, खलनायिकेची दया आली तर मालिका कशावर चालवायची? दिग्दर्शकाने मागचे वीस भाग काढून बघितले. माझ्या शेजारी बसून, माझ्याच खुर्चीला खुर्ची लावून. एकेका तुकड्यावर थांबायचा. ‘हे मी घेतलेलं नाही. हे पण नाही.’ शेवटी म्हणाला, ‘मॅडम, तिच्या मनात काहीही नाहीये. तिचं मन आम्ही लिहिलेलंच नाही.’

मी म्हटलं, लिहिलं नाही म्हणून नसतं का?

त्याने फाइल बंद केली. चांगला माणूस आहे, म्हणून जास्त लागलं.

शनिवार, २९ मार्च

बर्फबाईला मारणार. जिन्यावरून पडून. मुलीची भेट नाही, माफी नाही, काही नाही. दोन भागांत आटपायचं. कापणार मी.

बुधवार, २ एप्रिल

कापला. इतका स्वच्छ भाग गेल्या दहा वर्षांत कापला नसेल. एक फ्रेम इकडची तिकडे नाही. दिग्दर्शक शेजारीच बसून होता. जिना, हात सुटतो, पदर, खालची फरशी. मुलीचा फोन वाजतो, ती उचलत नाही. संपलं. नटीबाईंना निरोप म्हणून केक आणला होता. त्या मला म्हणाल्या, ‘तुम्ही माझ्यासाठी फार केलंत हो.’ मी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पन्नाशी ओलांडलेली बाई, नळ सोडून रडतेय. कुणासाठी केलं मी?

शुक्रवार, ४ एप्रिल

‘अर्धा कप’ने फक्त दोन ओळी लिहिल्यात. ‘ती गेली. आता वळून का पाहिलं होतंस, हे कुणाला विचारायचं?’

मला विचार ना. मी आहे. जिवंत आहे.

आता तुकडेसुद्धा उरले नाहीत पाठवायला. सरळ बोलावं लागणार. मला ते येत नाही. अख्खं आयुष्य दुसऱ्यांनी बोललेलं कापण्यात गेलं.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळपासून चौदा वेळा लिहिलं, चौदा वेळा पुसलं. शेवटी खाजगीत एवढंच पाठवलं – ‘ती गेली, पण मी आहे. ते वळणं माझं होतं. त्या दिवशी वळले नाही, चुकलं माझं. घरी ये बाळा. – आई’

रविवार, ६ एप्रिल

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे पुन्हा कधी स्वतःला फसवता येणार नाही.

‘तुम्ही कोण आहात? माझी आई मी दहावीत असताना वारली. त्या नटीचा चेहरा थोडा तिच्यासारखा आहे, म्हणून मी बघायचे. माझं लिखाण वाचून असली थट्टा करायला लाज कशी वाटत नाही?’

त्यानंतर गटातून निघून गेली. मागचं सगळं पुसून.

सोमवार, ७ एप्रिल

कामावर गेले नाही. गादीवर पडून छताकडे बघितलं. एका आई नसलेल्या पोरीला मी ‘आई’ म्हणून सही करून पत्र पाठवलं. देवा. तिला खरं सांगायलाही आता जागा नाही.

चाहत्यांना हसत होते मी! त्यांनी निदान पडद्यावरच्या माणसांवर माया केली. मी चहाच्या कपावरून लेक ओळखली. दोन महिने परक्या मुलीशी बोलत बसले, आणि पोटची पोर कुठे राहते, काय खाते, मला माहीत नाही. असल्या आईचं काय करायचं असतं? तिला जिन्यावरून ढकललं तेच बरं केलं त्यांनी.

मंगळवार, ८ एप्रिल

ताई आली. घरात पाऊल टाकायच्या आधीच चिडलेली.

‘तू मला खोटं का सांगितलंस गं?’

ती म्हणाली, ‘मी वेड्यासारखी खूश होऊन तिला म्हटलं, आई तुझ्याशी रोज बोलते, बरं झालं बाई. तर ती म्हणाली, “माझ्याशी? नाही गं मावशी.” मग फोन ठेवताना म्हणाली, “मी नंबर बदललेला नाहीये. तिला सांग हवं तर.”’

‘कधी म्हणाली असं?’

‘मार्चमध्ये. मला वाटलं, तुमचा काहीतरी रुसवाफुगवा असेल. काल कळलं, तिने रोज वाट बघितली म्हणे आठवडाभर.’

त्याच आठवड्यात मी अठरा फ्रेम चिकटवत होते. ताईला तेवढंही सांगता आलं नाही. ती चहा करायला आत गेली आणि मी फोनमध्ये लेकीचा जुना नंबर शोधून काढला.

बुधवार, ९ एप्रिल

फोन केला. मागे लहान मुलांचा गोंधळ चालू होता. मी म्हटलं, ‘मी आई बोलतेय.’ ती घाईत होती, म्हणाली, ‘कुणाची आई?’ आवाज ओळखला नाही तिने. मी म्हटलं, ‘तुझी.’ मग फक्त मुलांचा आवाज. मी म्हटलं, ‘त्या दिवशी तू दारात थांबली होतीस ते मला कळलं होतं.’ एवढं म्हणायला सोळा महिने लागले.

ती म्हणाली, ‘आत्ता नको. सहानंतर कर.’

सव्वाचार झालेत.