नाईनच्या तळघरातला उजेड

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत तुमच्यासाठी एक ओळ लिहायचा धीर झाला नाही. आज लिहितेय, कारण परवा मी नाईनहून परत आले. इराणमधलं वाळवंटाच्या कडेचं ते छोटं शहर, तुमच्या उस्ताद हबीबच्या आजोबांचं गाव.

बहारीनमध्ये पंचवीस वर्षं तुम्ही उस्तादांच्या हाताखाली गिलाव्याचं काम केलंत. दुपारी डबा खाताना ते तुम्हाला नाईनच्या जुन्या मशिदीबद्दल सांगायचे. अंगणाखाली जमिनीत खोदलेलं नमाजघर आहे, त्याला एकही खिडकी नाही, आणि उजेड दगडातून येतो.

एकदा माझ्या ऑफिसचे लोक अदलिया भागातल्या आपल्या घरी जेवायला आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना ही गोष्ट सांगितलीत. मी नवी नवी सिव्हिल इंजिनिअर. म्हणाले, "बाबा, दगडातून उजेड कसा येईल? काहीतरी चुकीचं ऐकलंय तुम्ही." सगळे हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "खरं गो. उस्ताद खोटं नाय बोलायचे," आणि भात कालवत राहिलात. पुन्हा कधी नाईनचं नाव काढलं नाहीत. रागावला का नाहीत माझ्यावर?

मागच्या महिन्यात नईम भागात उस्तादांच्या घरी गेले. आता त्यांना घराबाहेर पडवत नाही. म्हणाले, "तेरा बाप बोलता था, रिटायर होके नाईन देखेगा. मफी नसीब." नशिबातच नव्हतं म्हणे. ते ऐकून मला तिथे बसवेना. रजा टाकली, दुबईमार्गे इस्फहान गाठलं आणि तिथून टॅक्सी केली.

तुम्हाला आवडलं असतं ते शहर. भिंती मातीच्या, घुमट मातीचे. प्रत्येक जुन्या मोहल्ल्याला मुहर्रमला जमण्यासाठी स्वतःचं अंगण. मशिदीत शिरले आणि मेहराबपाशी माझे पाय थबकले. हजार वर्षांपूर्वीचा गिलावा, बाबा. खांबांवर वेल, पानं, द्राक्षांचे घोस. कारागिराचा हात कुठे वळला, कुठे थांबला, तेसुद्धा दिसत होतं. तुम्ही किती वेळ उभे राहिला असतात तिथे?

मग राखणदार म्हाताऱ्याने मला खाली नेलं. पायऱ्या उतरू तशी हवा गार होत गेली. खाली ठेंगणे, जाड खांब आणि एक पिवळा बल्ब. मनात आलं, बल्बच तर आहे. म्हातारा म्हणाला, "खामूश." मला वाटलं, गप्प राहा म्हणतोय. मी गप्पच होते. त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

आधी काहीच दिसेना. मग छतात एक चौकोन हळूहळू उजळला. मग दुसरा, तिसरा. वर अंगणात संगमरवराच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांच्यावरूनच मी चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं. त्यांच्यातून ऊन झिरपत खाली उतरत होतं, सायीच्या रंगाचं. खांब दिसू लागले, म्हाताऱ्याचा चेहरा, माझे हात. वरून कुणी चालत गेलं की एक चौकोन क्षणभर मिटायचा आणि पुन्हा उघडायचा.

पातळ दगडातून प्रकाश जातो, हे मला इंजिनिअरला माहीत असायला नको होतं? तरी अंगावर काटा आला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि खूप रडले. नंतर उस्तादांनी सांगितलं, फारसीत दिवा मालवण्यालाही खामूशच म्हणतात.

काल गावी आईला फोन केला. सगळं सांगितलं, त्या दिवशी तुम्हाला खोटं पाडलं तेही. ती म्हणाली, "मला म्हायतीय. दर सुट्टीत सांगायचे ते."

"तुला खरं वाटायचं?"

"ते सांगायचे ना," आई म्हणाली. "मग त्यात खरं न वाटायला काय झालं?"

तिला पासपोर्ट काढायला लावतेय. गुडघ्यांचं निमित्त सांगेल, मी ऐकणार नाही. तुम्हाला शब्द देते बाबा, आईला मी नाईनला नेईन. पायऱ्या उतरताना तिचा हात धरीन, आणि खाली पोचल्यावर तिला काहीही समजावून सांगणार नाही.

तुमची,
मंजू