सर्व्हरला शिस्त लावताना

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
सर्व्हर पुन्हा बसला. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस स्क्रीन, सगळीकडे एकोणीस टक्के. पुढे सरकायचं नाव नाही.

दूध संकलन केंद्राच्या एका प्रोग्रॅमवर आमची मुलं शिकतात. त्याचा सगळा कोड, सहा वर्षांतल्या प्रत्येक बदलासकट, कोपऱ्यातल्या सर्व्हरवर आहे. सकाळी प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर त्याची प्रत उतरवायची, म्हणजे क्लोन करायचं, आणि कामाला लागायचं. मागच्या कुठल्या तरी बॅचने त्यात स्नेहसंमेलनाचे फोटो घालून ठेवलेत. चार जीबी झालंय.

दुपारी २
दौंडहून केल्विनचा फोन. क्लासचा मालक, आठवीत असताना माझा विद्यार्थी होता. दौंडच्या शाखेची मुलंही हाच सर्व्हर वापरतात, ती अकरापर्यंत हात बांधून बसतात म्हणे. २९ तारखेपर्यंत लोड, म्हणजे सर्व्हरवरचा सकाळचा ताण, पन्नास टक्क्यांच्या खाली आला नाही तर सर्व्हर दौंडला नेणार. मग इथे शिरूरला लॅब इनचार्जची गरज उरत नाही. मी प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायचे. हे शेवटचं तो बोलला नाही, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. समजायचं ते समजले.

एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी. मशीन झालं तरी विद्यार्थीच. आठ दिवसांत सरळ करते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजपासून क्लोन हजेरी क्रमांकाप्रमाणे. एका वेळी चौघे. शिट्टी वाजली की पुढचे चार.
शेवटच्या चौघांना प्रत मिळाली १.१० ला, डबे उघडायच्या वेळेला. पण रांग कोणी मोडली नाही.

संध्याकाळी ५
नेहमीची फेरी मारली. घरी जाण्याआधी कॉम्प्युटरवरची प्रत पुसून टाकायची, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. सकाळी पाटी कोरी हवी. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुसल्या, रजिस्टरवर सह्या झाल्या. दिवसभरात तेवढंच मनासारखं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
लोड ९४. शिट्टी बंद केली, शेजारच्या दवाखान्याने तक्रार केली.
गौतमी उठून उभी राहिली. वडगाव रासाईची मुलगी, दोन गाड्या बदलून येते, बोलते कमी. तिचं म्हणणं, सहा वर्षांचा इतिहास न आणता फक्त आजची शेवटची अवस्था आणता येते, कमांडमध्ये एक शब्द वाढवायचा. मी सांगितलं, पुस्तकाचं शेवटचं पान वाचून कोणी पास होत नाही. खाली बसली.
अर्धवट प्रत माझ्या लॅबमध्ये चालणार नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मशीन तापतं, म्हणून दमतं. साधी गोष्ट, कोणाच्या लक्षात आली नाही. घरून टेबलफॅन आणला. आमचे शिपाई हौसराव म्हणाले, "बाई, त्येला ऊन लागलंय का?" दुर्लक्ष केलं.
फॅनचा प्लग लावताच बोर्ड गेला. सर्व्हर चाळीस मिनिटं बंद. त्या वेळात लोड शून्य. वहीत शून्य लिहिलं. आकडा तो आकडा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
चारला जाग आली. उठून घरातच चकरा मारल्या. उपाय सुचला: मुलांनी वेगवेगळ्या वेळी यायचं. पहिली तुकडी सातला. कालच फोन करून सांगायला हवं होतं, ते पहाटे पाचला केलं. काही पालक तुटक बोलले.
सातला चार मुलं दारात हजर. किल्ली हौसरावांकडे. ते नेहमीप्रमाणे पावणेनऊला आले. तोवर सगळे जमले, सगळ्यांनी एकदम क्लोन मारलं. ९८.

गौतमी पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी पुसतो कशाला, असं काहीतरी. उलट प्रश्न खपवून घेत नाही. तिला फळा पुसायला लावला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
चोर सापडला. संघर्षने एका सकाळी तीनदा क्लोन केलं. त्याचं स्पष्टीकरण: ऐंशी टक्क्यांवर तुटलं की जिथून तुटलं तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. बाकीच्यांचंही तसंच होतं, मॅडम. म्हणजे एक नाही, अठ्ठावीस चोर. सगळ्यांकडून माफीपत्र घेतलं. त्यात सकाळ गेली.

सोमवार, १७ नोव्हेंबर
९७. बारा दिवस उरले. जेवण जात नाही. उभ्याने चहा, उभ्याने पोळी. उद्या दुपारी कासुर्डीला निघायचंय, भाचीचं लग्न. तारीख काढताना मला विचारायला हवं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. दुपारी १
रजिस्टर हौसरावांच्या हातात दिलं. तीनदा समजावलं. ते तिन्ही वेळा व्हय म्हणाले, हीच काळजी आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर. कासुर्डी
हळद चालू असताना हौसरावांना फोन केला. "समदं निवांत हाय बाई. पोरं नऊला बसली आन् लगीच कामाला लागली." विश्वास बसला नाही. पुन्हा केला. तेच. तिसऱ्यांदा उचलला नाही. बहीण म्हणाली, लग्नाला आलीस की ड्युटीला. चौथ्यांदा फोन लावला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
केल्विनचा मेसेज: बुधवारी लोड ६, गुरुवारी ५.
सहा आणि पाच. चष्मा पुसून परत वाचलं. शिस्त मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखी. मी नसतानाही मुलं माझ्या धाकात वागली, याहून मोठं प्रमाणपत्र नाही. पेढे वाटले. मुलं एकमेकांकडे बघत होती, संकोच असेल. गौतमीने पेढा घेतला, माझ्याकडे बघून काही बोलणार होती, बोलली नाही. शिकली.

एक गालबोट. रजिस्टर कोरं. मंगळवारपासून कोणी पुसलेलंच नाही. आजचा दिवस चांगला, म्हणून रागावले नाही. पाचला समोर उभी राहून तीन दिवसांची घाण साफ करून घेतली.

शनिवार, २२ नोव्हेंबर
९७. पेढ्यांमुळे मुलं सैल पडली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
९८. लग्नाच्या आठवड्यात काय केलं होतं ते आठवून आठवून बघते. बुधवार-गुरुवारी मी काहीच केलेलं नाही. तरी काहीतरी केलं असणार.

शनिवार, २९ नोव्हेंबर
केल्विन आला. लॅपटॉप उघडून महिन्याचा ग्राफ दाखवला. रोज नऊला ताडाएवढी रेघ, मध्येच तीन दिवस सपाट. मी शिस्त मुरल्याचं सांगितलं. त्याने मान हलवली आणि गौतमीला बोलावलं.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही असलात की आम्ही संध्याकाळी सगळं पुसतो. मग सकाळी सगळंच्या सगळं परत आणावं लागतं. त्या दिवसांत पुसलं नाही. फक्त नवीन झालेलं तेवढं आणलं."

आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं होतं. तुम्ही फळा पुसायला लावला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता आलं असतं. हौसराव दारातून म्हणाले, "रोज हीर उपसायची आन् रोज भरायची, तसलं चाललं व्हतं बाई. मला वाटलं कोर्समदीच आसंल."

एकतीस वर्षं मी पाटी कोरी करून घेतली. फुकटची मेहनत म्हणून कोणी कधी दाखवून दिलं नव्हतं.

रविवार, ३० नोव्हेंबर
सर्व्हर शिरूरलाच राहणार.

दौंडला मी जाणार. केल्विन अतिशय आदराने म्हणाला, तिथे शिस्तीचा माणूस हवाय. शिरूरची लॅब गौतमी बघेल. मी विचार करून होकार दिला. दौंडला माझी गरज आहे हे त्यालाही उशिरा कळलं, इतकंच. चौफुल्यावरून दौंडला जाणाऱ्या एसटीची चौकशी केली.

निघताना त्याने एक कागद पुढे केला. टाइप करून आणलेली एकच ओळ: संध्याकाळी कोणाकडूनही काहीही पुसून घेणार नाही. खाली सहीला जागा.

सही केली. तारीखही घातली. तो म्हणाला, तारखेची गरज नव्हती, मॅडम.