टोकणारी गाडी

रिसोड, दि. १२ जानेवारी २०२५

चि. समीक्षा इले आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पाहून तू हासशीन. म्हणशीन, घरात फोन असून आजी कागद काहून खराब करून राह्यली. तर बाई, फोनवर तुहे आजोबा कान देऊन बसतात, अन् मले सांगाचं हाये ते त्याईच्या पाठीमागं. सुट्टीत येऊन तूच माह्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, आता भोग. काना-मात्रा हुकला तर समजून घेजो.

तू आमच्यासाठी गाडी घेऊन राह्यली हे ऐकलं तवापासून मले आनंद मावत नाई. शेजारच्या चंपाबाईले तर सांगितलंच, गल्लीत गंगूची बकरी तेवढी सांगाची राह्यली.

आजोबानं मातर नाक मुरडलं. एकतीस वर्षं डेपोची एस.टी. हाकलली, तिचा क्लच दाबू दाबू डावा गुडघा कामातून गेला, आता पायरी चढाले भिताड धरा लागते. पण बिनक्लचच्या गाडीले म्हणतात पाळणा. त्यात चालवाचं काय, अंगाई म्हणाची म्हणे. मी म्हटलं, म्हणू नका, आवाज कुठं चांगला हाये.

एकतीस वर्षांत मी त्याईच्या गाडीत कितीकदा बसली, पण मागं, तिकीट काढून. डायव्हरची बायको पुढं आली त लोक हासतात म्हणे. आरशातून सुदा पाहत नसत. मले एकदा बाजूच्या शीटवर बसाचं हाये. बस, तेवढंच.

पत्रासंगं सूत पाठवून राह्यली. आजोबा जेवढ्या उंच ओट्यावरून हात न टेकता उठतात तेवढं मापलं अन् गाठ मारली. गाडीचं शीट त्या गाठीले भरलं पाह्यजे. लोभ हाये तसाच ओला ठेवजो.

तुही आजी,
आवडाबाई

पुणे, दि. २१ जानेवारी २०२५

ती. आजीस समीक्षाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं सूत घेऊन तीन दुकानं पालथी घातली. लोक उंचीचे आकडे सांगत होते आणि मी जमिनीपासून सीटपर्यंत सूत लावत होते. एकजण म्हणाला, मॅडम, ताईत बांधायचा आहे का?

दोन लहान गाड्या तुझ्या गाठीला भरल्या. दोन्हींत क्लच नाही. एक लगेच मिळते, पण गिअर बदलताना हलका हिसका देते. दुसरी अगदी सरळ जाते, पण यायला दोन महिने. बाबा म्हणतात, जन्मभर एस.टी. चालवलेल्या माणसाला हिसक्याचं काय? मला ठरवता येईना. तू सांग.

आणि परवा फोनवर तू दिसलीस तेव्हा पोलकं खांद्यावरून उतरत होतं. जेवतेस ना? माझ्यापासून काही लपवू नकोस. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
समीक्षा

रिसोड, दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षा इले आशीर्वाद, अन् कपाळाचा मुका.

हिसक्याची नको. हिसका बसला का माह्या पोटात कळ येते. म्हातारं पोट हाये, दुसरं काई नाई. दुसरीच घेजो. पण दोन महिने म्हंजे मार्च ना? मार्चच्या पुढं जाऊ देऊ नको. ऊन लागते मंग.

पोलक्याले चंपाबाईच्या मशीनवर टाके मारून घेतले. बारीक झाली त बरंच, पुढच्या शीटवर मावली पाह्यजे ना.

चंपाबाईसंगं गाड्या पाहाले वाशीमले तीन खेपा झाल्या, सोमवारी चौथी. आजोबा म्हणतात, नवरा पाह्यला एकाच खेपेत अन् गाडीले चार. मी म्हटलं, म्हून त शहाणी झाली.

आता खरं काम आयक. मले टोकणारी गाडी पाह्यजे. वाशीमच्या दुकानात एक गाडी पाह्यली, पट्टा नाई लावला त टिंग टिंग करते, दार उघडं राह्यलं त करते, मागं काई आलं त जास्तच करते. मले लय आवडली. तुहे आजोबा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. दिवा चालू ठेवून झोपतात. एस.टी. मागं घेताना कंडक्टर उतरून शिट्टी मारे, घरी आल्यावर ते काम माह्याकडं. गोळी घेतली काय, दार लावलं काय, दिवसभर माही शिट्टी चालूच. मी काय जलमभर त्याईच्या मागं राहणार हाओ? एवढं ओझं त्या गाडीनं घ्यावं. रंग कोणताबी चालन, आवाज मातर मोठा पाह्यजे.

यंदा तूर झ्याक झाली. तुह्यासाठी डाळ करून ठेवून राह्यली, जात्यावर, घरचीच. मायेत कसर करू नको.

आजी

पुणे, दि. १३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस सा. न.

दुसरीच ठरवली. निळी आहे. दुकानदाराच्या मागे लागून तारीख अलीकडे आणली, मार्चच्या मध्यात वाशीमला येईल, तिथून घरी आणून देतील. ती चांगलीच टोकते. बाजूच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं तरी ओरडते, म्हणजे तुलाही सूट नाही.

पण आजी, गाडी मी पुण्याहून ठरवत असताना तू चौथ्यांदा वाशीमला कशाला गेलीस? खरं लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.

समीक्षा

रिसोड, दि. २३ मार्च २०२५

चि. समीक्षा इले आजीचे आशीर्वाद, आज मोजून नाई, टोपल्यानं घे.

गाडी आली! पोरी, काय सांगू. गंगूनं हळदकुंकू लावलं, मी चाकाखाली लिंबू ठेवलं, अन् आजोबानं पाळण्याले तीन चकरा मारून बोनट उघडून पाह्यलं. मंग बसले. हात न टेकता बसले! माही गाठ बराबर.

पहिल्या दिवशी मोठीच फजिती. त्याईचा डावा पाय सवयीनं क्लच शोधे, क्लच त नाई, मंग बिरेकवर पडे अन् गाडी जागीच उभी. माहं डोकं समोर आपटता आपटता राह्यलं. पट्टा होता म्हून. मंग मी त्याईच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय उचलला का दाबाचा. तसंच धरून पोहरादेवीपर्यंत गेलो, रामनवमीची गर्दी व्हायच्या आंधी. जाताना तीनदा दाबा लागला. येताना एकदाबी नाई, पण मी हात काढला नाई, अन् त्याईनंबी काढ म्हटलं नाई.

रस्त्यानं माणसं पाहत होती. मीबी पाहत होती, पुढच्या काचातून रस्ता कसा अंगावर येते. मागं बसून कधी दिसलाच नाई वं.

वाशीमचं इचारलं होतं तू. भेटल्यावर सांगतो. तुही डाळ पिशवीत भरून ठेवली, पाच किलो. आजोबाले पाठवाले सांगजो, इसरतीन. माही माया तुह्या पदरात.

आजी

रिसोड, दि. १२ मे २०२५

चि. समीक्षास गुलाबराव यांचे आशीर्वाद. वि. वि.

मी आजवर डेपोत रिपोर्ट लिहिले, पत्र लिहिलं नाई. तुही आजी गेल्यावर तेरवीले तू आली होती, तवा मले काईच ठाऊक नव्हतं.

काल चंपाबाई येऊन बसली अन् रडली. वाशीमच्या चारी खेपा दवाखान्याच्या होत्या. पोटात गाठ हाये हे तुह्या आजीले दिवाळीतच कळलं होतं. हाती थोडेच महिने हाये, हेबी डॉक्टरनं सांगितलं होतं. अकोल्याले न्या म्हटलं, त तिनं चंपाबाईले कोणाले सांगाचं नाई म्हून शपथ घातली. दवाखान्यातून निघालं का दोघी गाड्यांच्या दुकानात जात. पोटात कळ आली का ती तिथल्या गाडीत बसून घे, अन् कळ थांबली का इचारे, ही कशा कशाले ओरडते? मी घरी थट्टा करत राह्यलो. एकतीस वर्षं पुढचा अन् मागचा रस्ता पाह्यला, बाजूले पाह्यलं नाई.

तिची डाळ पाठवाची राह्यली होती. मी इसरलो होतो, ती म्हणे तसाच. आज पार्सल कराले वाशीमले निघालो. पिशवी बाजूच्या शीटवर ठेवली. गाडी सुरू केली त टिंग टिंग. माहा पट्टा लावला होता. दार लागलं होतं. चष्मा डोळ्यावर होता. मंग ध्यानात आलं, पाच किलोचं वजन पाहून गाडीले वाटलं का बाजूले माणूस बसलं. मी पिशवीले पट्टा लावला. आवाज बंद झाला.

डेपोच्या वळणापर्यंत तसाच गेलो. डावा पाय आता उठत नाई, तिनं दाबून बसवला तो बसला. गाडीत काईच आवाज नव्हता. मंग गाडी रस्त्याच्या कडेले लावली अन् पिशवीचा पट्टा काढला.

थोड्या वेळानं ते टिंग टिंग आपोआप थांबते. थांबलं का मी बाजूले उभी करून पट्टा लावतो अन् परत काढतो. वाशीम येईपर्यंत दोनदा थांबलो. दोन्ही बारीनं म्हटलं, हो, आयकून राह्यलो.

डाळ मिळाली का कळवजो. इकडं येत जाय.

गुलाबराव